गार्गीच्या गाडीचे पिवळे कॅलिपर

गार्गी गेली तेव्हा तिच्या नखांत पिवळा रंग होता.

घरी यायच्या त्या सिस्टर स्पिरिटचा कापूस घेऊन पुसायला लागल्या. मी म्हटलं, रहने दीजिए.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गार्गी आमची एकुलती एक. आम्ही मूळचे कोरेगावकडचे. मी फौजेत, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होतो. शेवटचं पोस्टिंग लखनौ, मग इथेच तेलीबागेत घर घेतलं.

पोरगी इथेच वाढली. आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची.

नोकरी लागल्यावर तिने एक जुनी पांढरी गाडी घेतली. मनसोक्त चालवायच्या आतच ब्लड कॅन्सर निघाला.

केमो झाले. केस गेले. बरी झाली असं वाटलं, आणि आजार उलटला.

थंडी सुरू होत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अब घर ले जाइए. जो मन करे, करने दीजिए."

गाडीत बसल्यावर गार्गीने विचारलं, "बाबा, क्या बोले?"

मी म्हटलं, "तुला हवं ते कर म्हणाले."

तिला कळलं होतं.

मग म्हणाली, "तो कॅलिपर पेंट करते हैं. पीला."

कॅलिपर म्हणजे चाकाच्या आत ब्रेकची डिस्क पकडणारा लोखंडी भाग. गंजून तपकिरी झालेला. कुणी वाकून बघितलं तरच दिसतो.

मी म्हटलं, "पिवळा? काळा लावू की. मळत नाही."

"काला तो छुपाने के लिए लगाते हैं. मुझे कुछ छुपाना नहीं है, यार बाबा."

त्या दिवसांत ती स्कार्फही बांधत नव्हती.

साधा ऑइलपेंट ब्रेकच्या उष्णतेने जळतो, पापुद्रे निघतात. म्हणून जास्त तापमान सोसणारा रंग हवा होता. दुकानदार स्प्रेचा डबा देत होता. स्प्रेची वाफ तिच्या छातीला झेपली नसती. ब्रशने लावायचा डबा शोधत मी शहरभर फिरलो. मिळाला.

घरी आलो तर सुनीता, तिची आई, दारातच उभी.

"आजारी पोरीला रंगाच्या वासात बसवणार तुम्ही?"

"अगं, बाहेर अंगणात. मास्क लावून."

"काय गरज आहे त्या रंगाची?"

ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जॅक लावून पुढची चाकं काढली. गार्गी खुर्चीत, अंगावर ब्लँकेट. मी तारेच्या ब्रशने गंज घासला, क्लीनरने तेल पुसलं. डिस्कला, ब्रेक पॅडला, रबराला रंग लागता कामा नये, म्हणून चिकटपट्टी लावायची होती. ते काम तिने स्वतःकडे मागून घेतलं. पट्टी अगदी एका रेषेत.

पहिला हात मी दिला. पातळ.

आणि मग कोहरा उतरला.

लखनौचं डिसेंबरातलं धुकं तुम्हाला माहीत आहे. ऊन नाही, हवा ओली. रंग बोटाला चिकटत राहिला. पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही.

ती रोज सकाळी विचारायची, "धूप निकली?"

नाही निघाली.

तिचं जेवण सुटलं. बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागायला लागलं. मला घाई झाली होती, आणि रंगाला घाई करता येत नव्हती.

एका दुपारी सुनीता बाहेर आली. एक्स्टेन्शन बोर्ड ओढत आणला, वायर जोडली, आणि गाडीपाशी फरशीवर बसली.

तिच्या हातात गार्गीचा हेअर ड्रायर होता.

केमोनंतर कपाटात ठेवून दिलेला.

तिने तो चालू केला आणि कॅलिपरवर धरला. नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी. रंगाच्या वासाने येतंय, म्हणाली.

गार्गी खुर्चीतून बघत होती. मग हसली.

"चलो आई, किसी काम तो आया."

सुनीताही हसली. मग तिला हसू आवरेना, मग रडू आवरेना. ड्रायर मात्र हलू दिला नाही.

शेवटचा हात गार्गीने दिला. मी मागून पाठीला आधार दिला होता. मला तिच्या पाठीचं एक एक हाड लागत होतं. मध्येच थांबून दम खायची, परत ब्रश उचलायची. एका बाजूला ओघळ आला.

"नीट करू?" मी विचारलं.

"रहने दो. मैंने किया है."

चाकं बसवली. ती मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि मी रायबरेली रोडवर एक चक्कर मारून आलो.

तेवढीच.

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी, घरी, आमच्या दोघांच्या मध्ये.

गाडी विका असं पुष्कळांनी सांगितलं. मी काही बोलायच्या आत सुनीताने नाही म्हणून टाकलं. उन्हाळ्यात तिने ड्रायव्हिंग क्लास लावला. जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेली बाई. दोनदा गाडी भिंतीला घासली. लायसन्स काढलंच.

आज सकाळी ती गाडी चालवत होती. मी शेजारी.

सिग्नलला एक बाइकवाला थांबला. वाकून चाकाकडे बघितलं. काचेवर टकटक केली.

"आंटी, बढ़िया लग रहा है. कहाँ कराया?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनीता म्हणाली,

"घर पे. हमारी बेटी करती है."

सिग्नल सुटला. तिने गिअर टाकला आणि गाडी पुढे नेली.

गार्गी, बाळा, आम्ही आहोत कसेतरी. तू सुखात राहा.

— तुझे आई-बाबा