मावशीनं हात उगारला नाही

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटी बहीण सहाची. सौंदडजवळच्या खेड्यात आमची धानाची शेती होती. वर्षभरात बाबांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईला आम्ही मावशी म्हणू लागलो.

बहीण तोवर पार हाताबाहेर गेली होती. लोकांच्या परसातल्या काकड्या तोडायची, खुडूक कोंबडीखालची अंडी पळवायची, पोरांना चावायची. कुणी पकडलं की गळा काढायची, "माही माय मेली वो!" मग पकडणाऱ्या बाईचेच डोळे भरून यायचे. बाबा तिला काही बोलत नसत. आमच्याकडे राहणारी विधवा आत्या तर तिला पदराखालीच घ्यायची.

मावशीची पंचाईत मोठी होती. मारलं तर सावत्र मारते, सोडलं तर सावत्रीनं पोर वाया घालवली.

उन्हाळा लागला होता. शेजारच्या म्हातारीनं मांडवावर दोडक्याचा वेल चढवला होता. बहीण दोडके चोरताना तिच्या हाती सापडली, तर त्या रागात बहिणीनं अख्खा वेल मुळासकट उपटला. म्हातारी तो सुकलेला वेल घेऊन आमच्या अंगणात येऊन बसली. बाबा म्हणाले, "पायलीभर तांदूळ दे तिले."

"तांदूळ देल्लं तं वेल येते का?" मावशी म्हणाली. तिनं बिया मागून आणल्या आणि बहिणीचा हात धरून म्हातारीच्या परसात गेली. दोघींनी आळं केलं, बिया लावल्या. रोज सकाळी विहिरीचं पाणी घालायचं ठरलं. छोटी लोटी बहिणीकडे, भरलेली घागर मावशीच्या डोक्यावर.

पहिल्या दिवशी बहिणीनं जमिनीवर लोळण घेतली, मावशीच्या मनगटाला कडकडून चावली. मावशी कळवळली, पण हात उगारला नाही. बहीण रडून थकेपर्यंत ती बाजूला बसून राहिली. मग म्हणाली, "झालं का? ऊठ. पानी घालाचं रायलं."

विहिरीवर बायका बोलायच्याच. एकीनं तोंडावर विचारलं, "लेकरू उन्हात काऊन राबवून राहिली बाई?"

"मी बी तं राबूनच राहिली," मावशी म्हणाली. "पोरगी माही, तं नुकसानबी माहंच."

मी मागे उभी होते. 'पोरगी माही' हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

वेल वर चढला, पिवळी फुलं आली. पहिले दोडके म्हातारीनं बहिणीच्याच ओच्यात टाकले. "माहे नाई ते," बहीण म्हणाली आणि तिथेच ठेवून पळत घरी आली.

सुधारली, असं नाही म्हणत मी. पुढे एकदा कुणाच्या तरी घरची शिंगाची फणी घेऊन आली. पण या वेळी तिनंच ती मावशीपुढे ठेवली. मावशी "चाल" एवढंच म्हणाली आणि दोघी परत करून आल्या.

त्याच वर्षी दिवाळीत आत्याच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या चोरीला गेल्या. आत्याचं बोट सरळ बहिणीकडे गेलं. बाबांनी कधी नव्हे ती बैल हाकायची काठी, तुतारी, उचलली. मावशी मधे आली. खाली बसून तिनं बहिणीला विचारलं, "तू घेतल्या का?"

"नाई."

"मंग नाई घेतल्या तिनं," मावशी उठत म्हणाली.

आत्या उसळली, "चोट्टीच्या बोलन्यावर भरोसा ठेवतं?"

"आजवर चोरलं तं मीच धरून नेलं तिले. माह्यापासून तिनं काई लपवलं नाई. आता तिच्या अंगाले हात लावाचा नाई कोनी."

आमच्या घरात बाबांशी असं कुणी बोलत नसे. बाबांनी तुतारी कोपऱ्यात टेकवली आणि ते बाहेर निघून गेले. तोरड्या कधीच सापडल्या नाहीत. आत्या कितीतरी दिवस धुसफुसत राहिली, पण मावशीनं तो विषय पुन्हा काढू दिला नाही.

त्या रात्री बहीण माझ्याजवळ झोपली नाही. अंथरूण ओढत मावशीकडे गेली. त्यानंतर तिनं कुणाच्या वस्तूला हात लावल्याचं मला आठवत नाही. तोंडानं मात्र फटकळ ती फटकळच राहिली.

आज हिशेब करते तेव्हा कळतं, मावशी तेव्हा जेमतेम बाविशीची असेल. शाळेची पायरी तिनं चढली नव्हती. एवढा धीर त्या पोरवयात तिनं कुठून आणला, हे मी तिला एकदा विचारलंही होतं. ती तांदूळ निवडत होती. "धीर कायचा," म्हणाली, "मलेबी लय राग ये. पन मंग पोरगी पाह्यची माह्याकडं."