कूस बदलल्याची नोंद

अकरा वर्षं वॉर्डात गरगर फिरून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. छत्तीस रुग्ण, नर्स दोन, आणि त्यातल्याही एकीला बहुतेक दिवस मॅट्रन दुसऱ्या वॉर्डात पाठवून देई. एके काळी भिंगरीला हे काम जिवापाड आवडायचं. आता बूट घालतानाच ती घरी परतायचे तास मोजायला लागे.

त्यात वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांच्या पाठीला जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, म्हणून मॅट्रनने भिंगरीच्या हातात मेमो ठेवला. निष्काळजीपणा! भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. कूस बदलायला माणसं दोन लागतात, आणि दुसरीला पळवलं होतं ह्याच बयेने.

"सोड ना ती नोकरी," नवरा म्हणाला.

"सोडणारच. उद्याच महिन्याची नोटीस देते. पण हा डाग घेऊन नाही जायची. आधी तिचं नाक कापते."

वॉर्डाची जुनी रीत अशी, की काम होवो न होवो, तक्त्यात बरोबरच्या खुणा करून टाकायच्या. भिंगरीने त्या बंद केल्या. कूस बदलली तर 'बदलली' असं ती लिही. नाही तर टपोऱ्या अक्षरात, 'बदलली नाही. मी एकटी. मॅट्रनना कळवलं.' मॅट्रन रोज येई आणि न वाचता खाली झोकात सही ठोके. भिंगरीला मनातल्या मनात गुदगुल्या होत.

नोटीस संपायच्या दिवशीच तपासणी आली. तपासनीस बाईंनी तक्ते चाळले.

"तुम्हाला रोज कळवलंय. रोज तुमची सही आहे. मग केलंत काय?"

मॅट्रनने घाईघाईने तक्ते मिटले. बाजूला घेऊन ती भिंगरीला म्हणाली, "मेमो रद्द करते. पण जाऊ नकोस गं."

"रद्द कराच. मी जाणारच."

दोन वाजले. भिंगरीच्या जागी बदली कुणी आलं नव्हतं. तपासनीस बाई बघताहेत म्हणून मॅट्रन बाह्या सारून एकटीच आजोबांना वळवायला लागली. घामाघूम झाली.

"अगं, जरा हात लाव!"

"माझी ड्यूटी संपली, मॅडम."

आजोबा कण्हले. सूड इतका गोड लागेल असं भिंगरीला वाटलं नव्हतं. पर्स उचलून ती निघाली. आजोबांच्या डोळ्याला डोळा मात्र तिने दिला नाही.