करप्याचं विरजण

माझ्या सासऱ्यांचे हात कधी स्वस्थ बसायचे नाहीत. हरिचंद्र त्यांचं नाव, आम्ही बाबा म्हणतो. ऐन लग्नाच्या मांडवात त्यांनी माझ्या मुंडावळीतलं एक कोमेजलेलं फूल खुडून खिशात टाकलं होतं. मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वाढलेली. मला वाटलं, कसला विचित्र माणूस आहे हा!

चामटोलीला नांदायला आल्यावर कळलं, शेतातही त्यांचं तेच. भाताच्या पानावर तपकिरी डाग दिसला की हात आपोआप खाली जाणार, पान खुडलं जाणार आणि घरी येऊन थेट चुलीत पडणार. करपा हा भातावरचा बुरशीचा रोग. वाढला की अख्खं शेत जाळल्यासारखं दिसतं. तो सगळ्यांच्या शेतात यायचा, आमच्या नाही. तेवढ्या एका गोष्टीवर बाबा गावात मान ताठ ठेवून चालायचे.

आणि अशा माणसाकडे पोटच्या पोरीनं काय मागावं? करपा!

भाविका, माझी नणंद, भाताच्या जनुकांवर पीएचडी करते. आमच्या घरचा तांबडा भात, म्हणजे राता, आणि भरपूर पिकणारी एक नवी जात, यांचा तिनं संकर केला होता. मी भाकऱ्या थापत होते आणि ही उंबऱ्यावर बसून मला शिकवत होती.

"रोगाशी लढायची ताकद दोघांतही आहे, वहिनी. पण ती कायम चालू राहिली तर रोप त्यातच दमतं, दाणा भरत नाही. म्हणून एक जनुक तिला दाबून धरतं. रात्यात बुरशी टेकली रे टेकली की ते जनुक बाजूला होतं, असा माझा अंदाज आहे. नव्या जातीत ते हलेपर्यंत पान गेलेलं असतं."

"आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनसारखं. चोर गेल्यावर शिट्टी!" मी म्हटलं.

संकराच्या रोपांपैकी कुणात रात्याचा हा गुण उतरला, ते रोग आल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यासाठी तिनं ओढ्यापलीकडचा, इतरांच्या शेतांपासून लांबचा तुकडा निवडला. रोपांभोवती चटकन आजारी पडणाऱ्या भाताच्या ओळी लावल्या, युरिया ओतला, संध्याकाळी पाण्याचे फवारे आणि वर प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी. एवढे लाड मी नवऱ्याचेही करत नाही. बाबा मुकाट्यानं हो म्हणाले होते. लेकीला नाही म्हणायची त्यांची छातीच नाही.

पण करपा काही येईना. तिच्या सरांचा फोन आला की यंदा जमलं नाही तर ही जागा सोडून द्या. भात पावसाळ्यातच लागतो, म्हणजे पोरीचं वर्ष बुडणार. त्या दुपारी ती पडवीत बसून ढसाढसा रडली.

"सगळी रोपं हिरवी आहेत, वहिनी. सगळीच! मग त्यातलं खरं दमाचं कुठलं, हे मला कळणार कसं?"

बाबा माठाजवळ पाणी पीत उभे होते. तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, "मीच खुडतो गो पोरी. पाटेचा जातो तवा. डाग दिसला का हात थांबत नाय. रस्त्यावरून लोका बघतान..."

मला असा संताप आला! एकीकडे पोरगी रोग लावतेय आणि दुसरीकडे बाप तो चुलीत घालतोय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाविका ताडकन उभी राहिली. डोळ्यांत पाणी आणि चेहरा फुललेला.

"म्हणजे येत होता! बाबा, करपा येत होता! अजून वेळ गेलेली नाही, पण आता तो भरपूर पाहिजे, लगेच पाहिजे."

बाबांनी टोपी घातली, टोपली घेतली आणि निघाले. शेजारी विरजण मागावं तसा हा माणूस दारोदार करपा मागत फिरला. मी मागून चालले होते, अशी मजा कोण सोडणार? पहिलंच घर बाळाजीकाकांचं. ते भडकलेच.

"माज्या शेतान कशाला करपा येल?"

"लाजतं काय? तुजा करपा एक नंबर हाय, मी रोज बघतो. दे टोपलीभर!"

काकूंना हसू आवरेना. मग गावच हसायला लागलं आणि ज्यानं त्यानं आपापली सडकी पानं आणून दिली. बाबांनी ती भोवतीच्या ओळींत स्वतः पसरली आणि संध्याकाळचे फवारे आपल्या हातात घेतले. सकाळी एकट्यानं शेतात जायचं नाही, ही शिक्षा मात्र त्यांनी स्वतःच स्वतःला करून घेतली.

आणि आला! भोवतालच्या ओळी राखाडी पडल्या. आम्ही तिघं गेलो तेव्हा भाविका चिखलात गुडघे टेकून ओरडतच सुटली. एक रोप जळालेलं, त्याला खेटून दुसरं हिरवंगार.

"वहिनी, हे पान बघ! बुरशी टेकलीय, पण डाग टाचणीच्या टोकाएवढाच राहिलाय. पुढे सरकूच दिलं नाही. आणि हे बघ, हेही!"

मला जनुकांतलं ओ की ठो कळत नाही, तरी मीही ओरडत होते.

तेवढ्यात रस्त्यावरून बाळाजीकाकांनी हाक मारली, "हरिचंद्रा, अरं जलला की तुजा शेत!"

बाबांच्या पायाशीच एक डागाळलेलं पान होतं. हात खाली गेला, बोटं पानाला लागलीसुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की ओढ्यावरचे बगळे उडाले.

"जललाच पाह्यजे! माज्या पोरीचा करपा हाय तो! ये, बघाला ये, सगल्यांना घेऊन ये!"