उलटेगावचा रस्ता

बाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि का तापू नये? सारी हयात राज्यशास्त्र शिकवण्यात घातली, आणि आता विभागप्रमुख म्हणून मंत्र्याच्या पीएचडीवर सही करायची! कुलगुरू स्वतः त्यांच्या खोलीत येऊन, घाम पुसत पुसत सांगून गेले होते, "सही झाली नाही तर विभागाला टाळं लागेल, बाई. वरून निरोप आहे." वरून म्हणजे देवाकडून नव्हे, एवढं कळायला पीएचडी लागत नाही.

"मार की सही! कशाला वाघाच्या तोंडात हात घालतेस?" नवरा म्हणाला.

बाईंनी आधी प्रबंध वाचला, आणि खरा वैताग तिथंच सुरू झाला. प्रबंध चांगला होता हो! मंत्र्याला असं एक वाक्य सात जन्मांत जमलं नसतं. पण चौथ्या प्रकरणात आलं उलटेगाव, तेही चक्क पाहणीच्या आकड्यांसकट. आता उलटेगाव कुठल्याच नकाशावर नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मतदान समजावं म्हणून बाईंनीच ते फळ्यावर वसवलेलं. तिथं हरलेला उमेदवार निवडून येतो आणि पोरं खिदळतात. म्हणजे लिहिणारं आपलंच कार्टं! बाई चरफडल्या.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन ऐकावं. त्यामुळे सभागृह कार्यकर्त्यांनी खच्चून भरलं. टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या प्रश्नांनाही वाजत होत्या.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "उलटेगावला आपण स्वतः गेला होता का?"

"गेलो होतो म्हणजे? अहो, तिथला रस्ता मीच केला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकांवरचे विद्यार्थी मात्र पोट धरून हसायला लागले. कुलगुरूंना काही कळलं नाही, म्हणून तेही हसले.

भिंतीपाशी चिमणी उभी होती. विभागात तासागणिक पैशांवर शिकवणारी, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. ती हसतही नव्हती, टाळ्याही वाजवत नव्हती. बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

"तू लिहिलंस?"

"नाही म्हटलं असतं तर सगळे तास काढून घेतले असते, बाई."

"अगं, मग उलटेगाव कशाला घातलंस, शहाणे? सापडलीस ना!"

चिमणीनं मान खाली घातली. "बाकीचे न वाचताच सही करणार हे माहीत होतं. तुम्ही वाचाल असं वाटलं."

बाईंना एकदम भरून आलं, आणि त्याचाही राग आला. आत जाऊन त्यांनी अहवालावर 'नामंजूर' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"बाई, विभाग जाईल!" कुलगुरू कळवळले.

"जाऊ दे. साहेबांना म्हणावं, नवा उलटेगावात काढा. रस्ता आहेच."

विभागाला खरंच टाळं लागलं. चिमणीचे तासही गेले. मंत्र्याला पदवी दुसऱ्या विद्यापीठानं दिली, तीही त्याच प्रबंधावर. चौथ्या प्रकरणात उलटेगाव होतं तसंच होतं. त्या विद्यापीठात कुणी काही विचारलंच नव्हतं.