बॅटरीला लावलेलं कुंकू

परवा शहाद्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून निघालो आणि नातवाची गाडी जागची हलेना. किल्ली फिरवली की नुसतं टक्... टक्. नातू घामाघूम, आणि मी मागच्या सीटवर आरामात शेंगदाणे खात बसलेली.

समोरच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. मीटरची एक पिन त्याने बॅटरीच्या खांबावर ठेवली, दुसरी त्याच्यावर आवळलेल्या तारेच्या क्लॅम्पला लावली आणि नातवाला म्हणाला, सेल्फ मारा. मी मागून म्हटलं, आकडा चढला तर जोड खराब... तो बिचारा मीटर सोडून माझ्याकडेच बघत राहिला. पंचाण्णव वर्षांच्या बाईने असं काही बोलायचं नसतं बहुतेक.

हे मी शिकले ब्राह्मणपुरीला, सासरी, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी. (टाइप नातसून करतेय. चुका तिच्या, आठवणी माझ्या.)

माझ्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्याकडे मोटार होती आणि ती चालवायला लोटनभाऊ. माझ्या लग्नाला तीन महिने झालेले, वय सोळा, आणि डोक्यात एकच गोष्ट... पहिली आखाजी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. माझं माहेर म्हसावद. आबांनी सांगूनच ठेवलं होतं, सून जाईल तर मोटारीनेच जाईल.

मोटारीचा जीव कुठे असतो, असं मी एकदा लोटनभाऊला विचारलं होतं. त्याने पायाखालची फळी उचलून बॅटरी दाखवली होती. आखाजीला पंधरा दिवस असताना तीच बॅटरी त्याने शहाद्याहून चार्ज करून आणली, ओट्यावर ठेवली आणि तो हातपाय धुवायला गेला.

मग काय... पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात ना, तसं तेलात कालवलेलं हळदकुंकू मी बॅटरीच्या दोन्ही खांबांना चांगलं जाड लावलं. हात जोडले आणि म्हटलं, बाई, आखाजीला मला घरी पोचव.

दुसऱ्या दिवसापासून मोटारीचा सेल्फ बंद, बटण दाबलं तरी इंजिन फिरेना.

लोटनभाऊ रोज सकाळी पुढे उभा राहून हँडल मारायचा, तेव्हा कुठे इंजिन सुरू व्हायचं. घामाने निथळायचा, पण एका शब्दाने कुरकुरला नाही. आखाजीला चार दिवस उरले असताना हँडलने उलटा दणका दिला आणि त्याचं मनगट सुजून वांग्याएवढं झालं.

आबांचा पारा चढला. म्हणाले, "लोटन, तुन्हं ध्यान नही शे मोटारवर. सकायपाईन येवू नको." उद्यापासून येऊ नको, म्हणजे नोकरी गेली. तालुक्यात मोटारी त्या किती, दुसरीकडे कोण ठेवणार होतं त्याला? घरी खाणारी चार पोरं होती. मी दाराआडून ऐकत होते आणि मनात माझी आखाजी बुडाल्याचं दुःख... खोटं कशाला सांगू.

आबांनी त्याच दिवशी शहाद्याहून मिस्त्री बोलावला. त्याच्याकडे मीटर कसला... मोटारीच्या दिव्याचा एक बल्ब आणि त्याला दोन तारा. बल्बची एक तार जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे टेकवायची आणि सेल्फ दाबायला लावायचा, एवढंच त्याचं यंत्र.

आबांना तो समजावून सांगत होता. जोड चांगला असेल तर करंट सरळ निघून जातो, बल्बकडे ढुंकूनही बघत नाही. जोड बिघडला असेल तर तो बल्बमधून वाट काढतो... म्हणजे जिथे उजेड, तिथे दुखणं.

सेल्फजवळच्या जोडाला तारा टेकवल्या, बल्ब काळोखा. खाली लोखंडी सांगाड्याच्या जोडाला टेकवल्या, तरी काळोखा. मग बॅटरीच्या खांबाला आणि क्लॅम्पला टेकवल्या, आणि बल्ब पेटला.

मिस्त्रीने क्लॅम्प सोडवला. आत सगळं लालभडक... माझंच कुंकू.

"कोनी करं हाई?" आबांनी विचारलं. लोटनभाऊ सुजलेला हात पोटाशी धरून उभा होता. मान खाली घालून म्हणाला, "मन्हीच चूक शे, आबा."

तीन महिन्यांत मी आबांसमोर एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी कशी बाहेर आले, मला माहीत नाही. "आबा, ते कुंकू मी लावेल शे. लोटनभाऊनी चूक नही."

मिस्त्रीच्या हातात खरवडायला चाकू होता, पण त्याचा हात पुढे होईना... कुंकू होतं ना ते. त्याने आबांकडे बघितलं, आबांनी माझ्याकडे. मग मीच वाकले आणि माझ्या पदराने दोन्ही खांब पुसून काढले.

क्लॅम्प आवळला. पहिल्याच दाबाला मोटार सुरू झाली. आबा एवढंच म्हणाले, "आते कुंकू देवासले लावत जाय," आणि आत निघून गेले. लोटनला काढायचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आखाजीला त्यानेच मला म्हसावदला सोडलं, हाताला फडकं बांधून. वाटेत मी विचारलं, क्लॅम्प बसवताना तुम्हाला लाल दिसलं नव्हतं का?

"दिसनं ना, वैनी," तो म्हणाला. "पन तुमनं कुंकू मी कसं पुसू?"

पुढच्या धुण्यात त्या पदराला भोकं पडली, बॅटरीच्या तेजाबाने. तरी ते लुगडं मी बरीच वर्षं टाकलं नाही.

परवा त्या मेकॅनिकने जोड घासला आणि गाडी सुरू झाली. म्हणाला, आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, मिस्त्रीने... आणि घरी येईपर्यंत मला लोटनभाऊच दिसत राहिला.

दहा दिवस त्याने हँडल मारलं, मनगट सुजवून घेतलं, नोकरी जाऊ दिली. एका चिंधीचं काम होतं, पण माझं कुंकू त्याने पुसलं नाही. सोळाव्या वर्षी आभार मानायचं सुचलं नाही, लोटनभाऊ... आज मानते.