आयगेंटलिश

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे डिक्शनरीबाई म्हणायचे. कामाने ती स्टोअर सांभाळणारी. नटबोल्ट, गोंदाचे डबे, पट्टे असल्या गोष्टींत दिवस जायचा. पण संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मनच्या तीन परीक्षा दिलेली तिथे ती एकटीच. त्यामुळे नवं कटिंग मशीन बसवायला जर्मन फिटर आला, तेव्हा साहेबांनी तिलाच पुढे केलं.

पहिल्याच दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तकातली माणसं कशी पूर्ण वाक्यं बोलायची! हा बाबा दर दोन शब्दांमागे 'हाल्ट', 'एबन', 'माल', 'दोख' असं काहीतरी पेरत जायचा. वर्गातल्या सरांनी सांगितलं होतं, "ते भरतीचे शब्द. गाळले तरी काही बिघडत नाही." मग तीही गाळत गेली. साहेब खूश, भाषांतर कसं सुटसुटीत!

चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "पात्यापुढची जाळी उघडली की पातं जागच्या जागी थांबेल ना? विचारा त्याला."

तिने विचारलं. फिटरने पाना पुसत खांदे उडवले आणि म्हणाला, "ना या, म्युस्टं आयगेंटलिश."

"थांबेल म्हणतोय," तिने सांगून टाकलं.

जेवणानंतर मशीन सुरू करायचं ठरलं. त्यावर काम करणार होती तिची धाकटी जाऊ. जाळी उघडायची आणि आत अडकलेले पुठ्ठ्याचे तुकडे हाताने ओढून काढायचे, हे तिच्याकडे.

डबा उघडला, पण डिक्शनरीबाईच्या डोक्यात फिटरचं सकाळचं उत्तर घोळत होतं. बोलताना त्याने खांदे का उडवले? आयगेंटलिश म्हणजे 'खरं तर', हे तिला पाठ होतं. पण खरं तर काय? तिचा नवरा रोज सकाळी असाच बोलायचा. "कुलूप लावलं का?" "तसं लावलंय." आणि त्या एका 'तसं'पायी ती दोन जिने चढून परत जायची.

हातातला घास हातातच राहिला. 'म्युस्टं आयगेंटलिश' म्हणजे तसं थांबायला हवं! फिटर 'थांबेल' म्हणालाच नव्हता.

"अगं, जेवतेस ना?" जाऊने विचारलं.

"तू मशीनला हात लावू नकोस. मी येईपर्यंत नाही म्हणजे नाही," म्हणत ती उठलीच.

साहेब वैतागले. "सकाळी तुम्हीच तर सांगितलंत!"

"मी अर्धंच सांगितलं, साहेब. माझं चुकलं."

फिटर मशीनपाशीच होता. तिने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "नुसतं हो, की आयगेंटलिश हो?"

तो हसला. मग हसू मावळलं. त्याने पुठ्ठ्याची एक पट्टी घेतली, मशीन चालू केलं, जाळी उघडून पट्टी आत धरली. पातं थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा पातं खाडकन खाली आलं आणि पट्टीचे दोन तुकडे झाले.

"आख दु शाइसं!" फिटर पुटपुटला.

"काय म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

"ते सांगण्यासारखं नाही, साहेब."

जाळीच्या कडेचा छोटा स्विच ढिला होता. त्याने तो बदलला आणि वीसदा पुठ्ठा घालून पाहिला. तिने प्रत्येक वेळ मोजली. शेवटी विचारलं, "आता थांबेल?"

"या."

"नुसतं या?"

"या, या!" तो हात जोडून म्हणाला.

दुपारी जाऊ कामाला बसली. हसतखेळत तुकडे काढू लागली. साहेब आपल्या खोलीत गेले, फिटर चहा प्यायला गेला. डिक्शनरीबाईला मात्र स्टोअरमध्ये बसवेना. आधीच्या तीन दिवसांत त्याने बोललेलं एकेक वाक्य तिला आठवत होतं: गिअरबद्दल, तेलाबद्दल, मागच्या पट्ट्याबद्दल. त्यातलं काय काय तिने गाळलं होतं, देव जाणे. तिने कागद घेतला, आठवतील तेवढे प्रश्न खरडले आणि चहाच्या टपरीकडे निघाली.