बेंगळुरू स्टेशनाची दोन दारे

मिरजेहून रात्रभर धावलेली आमची गाडी सकाळी नऊच्या सुमारास बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनात शिरली, तेव्हा मी हातातला नकाशा शेवटचा एकदा पाहून घेतला. नकाशा माझाच होता. छत्तीस वर्षे भूगोल शिकवल्यानंतर अनोळखी जागी नकाशाविना उतरणे मला जमत नाही. सुमतीअक्कांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी वहीच्या पानावर दहा समांतर रेघांनी दहा प्लॅटफॉर्म दाखवले होते, त्यांना छेदणारा पूल तुटक रेघेने काढला होता आणि कडेच्या चौकोनात लिहिले होते : ‘मेट्रोचा जिना. अक्का येथे.’

अक्का आमच्या शाळेत गणित शिकवीत. त्यांचे घराणे मराठी, परंतु कित्येक पिढ्या बेंगळुरूत रुजलेले. यजमानांच्या नोकरीमुळे त्या वीस वर्षे मिरजेत राहिल्या आणि निवृत्तीनंतर बसवनगुडीतल्या घरी परतल्या. आता वय एकोणऐंशी. गेल्या वर्षी घरातच पडून खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून मुलगा रघू त्यांना एकटे बाहेर सोडत नसे. मला आणायला एकटीने मेट्रोने यायचे, ही परवानगी त्यांनी महिनाभर वाद घालून मिळवली होती. अट एकच : अकराच्या आत दोघींनी घरी पोहोचायचे. रघू व्हाइटफील्डच्या ऑफिसातून घरच्या फोनवर खात्री करून घेणार होता.

“आज काही चुकलं ना, नलू,” मी मिरजेहून निघण्याआधी त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या, “तर माझं जग गेटपाशी संपलं म्हण.”

गाडी आठव्या प्लॅटफॉर्मवर लागली. ‘मेट्रो’ अशी पाटी दिसली, बाणही स्पष्ट होता. मी बाणामागे गेले, बाहेर पडले, जिना सापडला. नकाशा बरोबर आल्याचे समाधान मला पूर्वी विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासताना वाटे, तसे वाटले. अक्का मात्र तिथे नव्हत्या.

मोबाइल लावला, तो बंद. यात नवल नव्हते. काम असेल तेव्हाच फोन चालू करायचा, हा अक्कांचा शिरस्ता. रघूला फोन करणे म्हणजे त्यांची परवानगी माझ्या हाताने फाडून टाकणे. तेव्हा मी आमच्या नियमाप्रमाणे वागले.

हा नियम सांगायला हवा. शाळेच्या सहली आम्ही दोघी नेत असू. एकदा बदामीला एक मुलगी तासभर सापडेना. ती आम्हाला शोधत फिरत होती आणि आम्ही तिला. त्या संध्याकाळी अक्कांनी नियम केला : चुकामूक झाली की जागा सोडायची नाही, दुसरा माणूस आपल्याला शोधत येतो. पुढे प्रत्येक सहलीआधी मुली तो एका सुरात म्हणत. त्या नियमाला स्मरून मी बॅग पायाशी ठेवली आणि खांबाला टेकून उभी राहिले.

पाऊण तास गेला. समोरच्या टपरीवरचा कॉफीवाला मला बराच वेळ न्याहाळत होता. अखेर त्यानेच हाक मारली.

“अम्मा, यारिगे कायताइदीरा? (कोणाची वाट पाहताय?)”

मी मोडक्या हिंदीत सांगितले, मैत्रीण मेट्रोने येणार आहे, बसवनगुडीहून.

त्याने कपाळावर हात मारला. “बसवनगुडी? वो तो हरी लाइन! मेट्रो इधर भी है अम्मा, उधर भी है. ये हिंदे (मागे), वो मुंदे (पुढे). आपका फ्रेंड मुंदे खडा होगा. मॅजेस्टिक साइड!”

माझ्या नकाशात मेट्रो एकच होती. स्टेशनाला दोन दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी वेगळ्या नावाचे मेट्रो स्टेशन आहे आणि बसवनगुडीची हरी लाइन पुढच्या ‘मॅजेस्टिक’लाच थांबते, हे मी विचारले नव्हते; अक्कांना दुसऱ्या दाराची गरज कधी पडली नव्हती, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. चौकोन कोणत्या दिशेला काढायचा, हा प्रश्न मुलीने वर्गात विचारला नसता तर मी तिला उभे केले असते.

त्याहून मोठी चूक पुढच्या क्षणी ध्यानात आली. अक्काही नियम पाळत असणार. नियम त्यांचाच. म्हणजे स्टेशनाच्या दोन टोकांना दोन निवृत्त शिक्षिका एकमेकींनी शोधायला यावे म्हणून अढळ उभ्या होत्या, आणि शोधायला कोणीच निघाले नव्हते.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. मी बॅग उचलली.

“बेगा होगी! (लवकर जा!)” कॉफीवाला ओरडला. “ब्रिज से जाना, नीचे मत उतरना!”

पुलावर चढले तेव्हा नुकत्याच आलेल्या गाडीची सारी गर्दी समोरून येत होती. बॅगेचे एक चाक पायरीवर आपटून गळून पडले. आकडे कमी होत जातात ते पाहत चालावे, एक आला की उतरावे, इतके हे सोपे होते. परंतु लोटाबरोबर मी पाचव्या प्लॅटफॉर्मवर उतरले आणि उतरल्यावरच पाटी वाचली. मोठ्या स्टेशनात पाटी जिन्याच्या माथ्यावर वाचायची असते, पायथ्याशी नव्हे. वाचकांनी हे माझ्या गुडघ्यांच्या खर्चाने शिकून घ्यावे.

लाल सदऱ्यातल्या एका हमालाने माझी लंगडी बॅग पाहिली. “एल्लिगे अम्मा? (कुठे?)”

“एक नंबर. मेट्रो. मॅजेस्टिक.”

“आप अभी उधर से इधर आया, अभी इधर से उधर जाता,” तो हसत बॅग डोक्यावर घेत म्हणाला. “स्टेशन खरीदना है क्या?”

त्याच्यामागून धापा टाकत मी पुढच्या दाराशी पोहोचले. मेट्रोच्या जिन्यापाशी चारपाच माणसांचे कडे होते. मध्ये निळ्या काठाच्या साडीत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहत तशा ताठ, सुमतीअक्का. शेजारी व्हीलचेअर आणली होती. एका तरुण महिला पोलिसाच्या हातात कार्ड होते. रघूने आईच्या पर्समध्ये स्वतःचा नंबर लिहून ठेवलेले. दुसऱ्या हातात मोबाइल.

“अज्जी, मगनिगे फोन माडतीनि (मुलाला फोन करते),” ती समजावत होती. “स्वल्प कूतकोळ्ळी (जरा बसा).”

“मी चुकलेली नाही,” अक्का तिला कन्नडमध्ये ठासून सांगत होत्या. तेवढे कन्नड मला कळते. “चुकलेली दुसरीच आहे. ती येईल.”

“अक्का!” मी ओरडले.

त्यांनी वळून पाहिले आणि पोलीस मुलीला विजयी मुद्रेने म्हणाल्या, “नोडी (बघा), आली माझी हरवलेली मुलगी.”

एकाहत्तर वर्षांच्या त्या मुलीकडे पाहून सारे कडे हसले. पोलीस मुलीने मोबाइल खिशात टाकला, कार्ड परत दिले आणि व्हीलचेअर रिकामीच गेली.

“तास होत आला, नलू! कुठं होतीस?”

“मागच्या दाराशी. उभी होते. नियमाप्रमाणे.”

“मीही नियमाप्रमाणे. मग शोधायचं कुणी?”

“ते तुम्ही नियमात लिहिलं नाही, अक्का.”

“तीस वर्षांत तू तरी कुठं विचारलंस?” असे म्हणून त्या इतक्या हसल्या की मला त्यांना धरावे लागले.

वेळ थोडा होता, तरी त्यांनी एक ‘बाय टू’ मागवलीच. एकच कॉफी दोन पेल्यांत अर्धी अर्धी वाटून देण्याची इथली रीत. मग मेट्रोने तीन स्टेशने, पुढे रिक्षा. कुलूप उघडताना आतून फोनची घंटा ऐकू येत होती.

“काही बोलू नका,” मी कुजबुजले. “वेळेत आलोय आपण.”

अक्कांनी रिसीव्हर उचलला. “हो, आलो. नलूही आली. ऐक रघू, आमची चुकामूक झाली होती. तासभर. पोलीस तुला फोन लावणार होती.” मी डोळे मिटले. “नाही, पडले नाही. नाही, घाबरले नाही. खोटं बोलून बाहेर जायचं असतं तर परवानगी कशाला मागितली असती? सरी (बरं). संध्याकाळी बोल.”

दुपारी आम्ही बिसीबेळे भात खाल्ला, दिवसभर जुन्या मुलींची नावे काढली. पण अक्कांचे लक्ष गेटकडे होते.

रघू सातला आला. चहा न घेता त्याने टेबलावर कागद ठेवला. “आई, स्टेशन काढून दाखव. तू कुठं, मावशी कुठं?”

अक्कांनी काढले : दोन दारे, दोन मेट्रो, मध्ये पूल. तो कागद त्याने उलटसुलट फिरवून पाहिला.

“मागं मेट्रो आहे?”

“तुला माहीत नव्हतं?”

“मी नेहमी कॅबनं जातो.” त्याने मान खाजवली. “मी आलो असतो तर मीही चुकलो असतो.”

“तू चुकला नसतास,” अक्का म्हणाल्या. “चुकायला गाडीतून उतरून चालावं लागतं, राजा.”

तो हसला, पण परवानगीविषयी काही बोलला नाही. मीही विचारले नाही. पाच दिवस आम्ही लालबाग पाहिली, बाजार पाहिला, दर वेळी सोबतीला अक्कांची सून होती. माझ्या परतीच्या दिवशी सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला, “मावशी, आज माझी मीटिंग आहे. तुम्हाला सोडायला आई येईल. येताना ती मेट्रोनं येईल.” आणि आईकडे न पाहताच निघून गेला. अक्कांनी लगेच साडी इस्त्रीला काढली. गाडी दुपारची होती आणि दुपार अजून व्हायची होती.

मोठे स्टेशन एका भेटीत कळत नाही. चुकलेल्या वाटा मोजल्या तर मात्र थोडे अधिक कळते. मुलांना आम्ही सांगितलेला नियम योग्यच होता. परंतु म्हातारे माणूस एका जागी उभे राहिले की लोक त्याला हरवलेले समजतात, हे आम्हाला तेव्हा माहीत असण्याचे कारण नव्हते.

गाडी हलली तशी मी खिडकीतून हात हलवला. अक्कांनी एकदाच हात केला आणि पाठ फिरवली. घरी जायचे होते. त्या पुलाच्या जिन्याशी पोहोचल्या, तोच पाठीवर मोठी बॅग घेतलेल्या एका तरुणाने त्यांना थांबवून काहीतरी विचारले. अक्कांनी आधी हात करून एक टोक दाखवले, मग दुसरे, आणि तो नीट समजला आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्याकडून सारे पुन्हा वदवून घेऊ लागल्या. तोवर माझी खिडकी पुढे निघून गेली होती.